मावशीचा नापास ट्रे

१९७३ साल. हे साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी माझी धाकटी शाळेत जायला लागली, आमच्या औषधाच्या कारखान्यात इंजेक्शनचा आणखी एक विभाग उघडला, आणि इतकी वर्षं तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या मला उठवून शिकवायला उभं केलं.

तपासणीचं काम ऐकायला पोरखेळ वाटतं. इंजेक्शनच्या औषधाची काचेची बंद कुपी, साधारण बोटाएवढी, ट्यूबलाइटच्या उजेडात धरायची आणि आत काही तरंगतंय का ते बघायचं. काचेचा कण, कापसाचा तंतू, काळा ठिपका, काहीही. समोर एक फळी असते, अर्धी काळी आणि अर्धी पांढरी. चकाकणारी काच काळ्यावर दिसते, मळका ठिपका पांढऱ्यावर. चांगली कुपी उजव्या हाताच्या ट्रेमध्ये, खराब डाव्या हाताच्या. उजवा पासचा, डावा नापासचा. एवढंच काम, पण दिवसभर डोळ्यांत तेल घालून करायचं. आमचे हे मला चिडवायचे, "घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही तुला, आणि कारखान्यात काचेचा कण शोधतेस!"

"चष्मा शोधायचा पगार कोण देतं?" मी म्हणायचे.

माझ्या आधी शिकवायला एक मास्तर होते. ते निवृत्त झाले तशी जागा माझ्याकडे आली, आणि जागेबरोबर त्यांची खोली, त्यांचं लाकडी व्यासपीठ आणि त्यांची पितळी घंटी. मास्तर व्यासपीठावर उभे राहून भलामोठा तक्ता दाखवायचे, दोन दिवस भाषण द्यायचे, आणि तिसऱ्या दिवसापासून घंटी. एका टोल्याला कुपी उचलायची, दुसऱ्या टोल्याला ठेवायची. टोला पडला की बाईचं बघून झालेलं असो वा नसो, हात हललाच पाहिजे. मी स्वतः त्या घंटीवरच शिकले होते. शिकले म्हणजे काय, पहिलं वर्षभर घाबरले, आणि मग शेजारच्या बाईकडे बघून बघून शिकले.

म्हणून मी ठरवून टाकलं. हाताखाली पहिली बॅच यायच्या आदल्या दिवशी दोन हमाल बोलावले आणि व्यासपीठ उचलून गोदामात पाठवलं. घंटी कपाटात ठेवली. टेबलं भिंतीशी होती ती खोलीच्या मधोमध आणून जोडून घेतली, म्हणजे मला प्रत्येकीच्या शेजारी खुर्ची टाकता यावी. कुपी समोरून दाखवली की शिकणाऱ्याला डावं उजवं उलटं दिसतं. शेजारी बसलं की तिचा हात आणि माझा हात एकाच बाजूला.

बॅचमध्ये आठ बायका होत्या. पांढरे कोट, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, एकीची ओळख दुसरीला पटायला वेळ लागावा असं ध्यान सगळ्यांचं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "या कामात कशाची भीती वाटते ते आधी सांगा. बाकीचं नंतर."

 मग कोपऱ्यातून एक आवाज आला, "बाई, तुमची."

सगळ्या हसल्या. ती बोलणारी एकोणीस-वीस वर्षांची होती. तिचं तोंड मी नंतर बंद झालेलं फारसं पाहिलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुपारच्या सुट्टीपर्यंत तिचं नाव रेडिओ पडलं होतं, आणि तिला ते आवडलंही होतं.

हसली नाही ती एकच. वयाने त्या पोरींपेक्षा बरीच मोठी, पस्तिशीच्या आसपास. पोरी तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागल्या. ती ‘हो’ आणि ‘नाही’ याच्या पलीकडे बोलायची नाही. डबाही भिंतीकडे तोंड करून खायची. पण सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, आणि आल्या आल्या आपल्या टेबलाची फळी पुसायची, काळी बाजू आणि पांढरी बाजू वेगवेगळ्या फडक्यांनी.

तिचं काय अडलंय ते मला आठवडाभरात कळलं, तेही रेडिओकडून. मावशीचा नवरा बरीच वर्षं अंथरुणाला खिळून वारला होता. दवाखान्यापायी घर गेलं. ती भावाकडे राहत होती आणि तिची दहा वर्षांची मुलगी नणंदेकडे, गाडीने दिवसभराच्या अंतरावर. भावाच्या घरात दोघींना जागा नव्हती. म्हणजे जागा होती, पण वहिनी ‘नाही’ म्हणायची. कारखान्यामागच्या गल्लीत एका आजींची खोली भाड्याने मिळत होती. आजींचं म्हणणं एकच, नोकरी पक्की झाली की किल्ली घेऊन जा. आणि नोकरी पक्की व्हायची ती प्रशिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेत पास झालं तर.

आणि नेमकी मावशीच नापास होणार अशी चिन्हं होती.

नवशिक्या बायका चुकतात ते सहसा एकाच बाजूने. खराब कुपी त्यांच्या नजरेतून निसटते. रेडिओचं तसंच होतं. गप्पांच्या नादात ती सगळ्या कुप्या उजवीकडे टाकायची, लग्न ठरलेल्या परीक्षकासारखी सगळ्यांना पास! पण मावशीचं उलटं. तिचा डावीकडचा ट्रे भरून वाहायचा आणि उजवीकडच्यात चार कुप्या लवंडलेल्या असायच्या. मी तिचा नापास ट्रे घेऊन एकेक कुपी पुन्हा पाहिली. स्वच्छ. पुन्हा पाहिली. आरशासारखी स्वच्छ.

"मावशी, यात तुम्हाला काय दिसलं?"

"कण होते, बाई."

"आता बघा बरं."

तिने पाहिलं. चेहरा उतरला. "आता नाहीत. पण मघाशी होते. खरंच होते."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मावशीला कारखान्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळे उत्तम. चष्म्याचीही गरज नाही.

आमच्या तपासणी विभागाचे मोठे साहेब खिशात कायम स्टॉपवॉच बाळगायचे. बोलता बोलता ते बाहेर काढून अंगठ्याने दाबायचे. पोरी त्यांना टिकटिक म्हणायच्या. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोक्यावर पॅकिंगवाले बसलेले असायचे आणि पॅकिंगवाल्यांच्या डोक्यावर दवाखाने. त्यांनी एकदा येऊन मावशीचा ट्रे पाहिला आणि मला दाराबाहेर बोलावलं.

"हिच्या हिशेबाने आपल्या कारखान्यात एकही इंजेक्शन धड बनत नाही."

"कारण सापडायचंय अजून, साहेब."

"कारण काय सापडायचं? दुधाने तोंड पोळलेली बाई आहे, ताकही फुंकून पितेय. घाबरते, म्हणून सगळं नापास. तिला आजच मोकळी करा. बाकीच्यांना पुढच्या सोमवारी टेबलावर बसवायचंय मला. मोठी ऑर्डर आलीय."

"सोमवारी? अजून पंधरा दिवस आहेत आमचे."

"मास्तर असते तर एव्हाना घंटी सुरू झाली असती. तुमच्या खोलीत तर सगळं निवांत दिसतंय."

"मास्तरांची बॅच पहिल्या महिन्यात किती खराब कुप्या पुढे सोडायची ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे," मी म्हटलं. "तुम्हीच तर परत पाठवायचात आमच्याकडे. एकच माल दोनदा तपासायचा म्हणजे कसला आलाय वेग? माझ्या बायकांना आधी दिसू द्या. मग धावतील."

साहेबांनी अंगठ्याने घड्याळ दाबलं. "शनिवारी परीक्षा. सगळ्यांची. तुमच्या त्या मावशीचीसुद्धा, हवं तर. ट्रे मी भरून आणीन. खराब कुप्या कुठल्या ते मलाच ठाऊक असेल. आणि बॅच बिघडली तर जबाबदारी तुमची."

"माझीच आहे," मी म्हटलं. "माझ्या बॅचने पुढे काच सोडली तर मी परत टेबलावर जाऊन बसते. तिथला उजेड मला आवडतो."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुझी तू जबाबदारी घेतलीस ते बरं केलंस. पण त्या बाईला विचारलंस का, ती करते काय ते?"

"रोज शेजारी बसून बघते की."

"अगं, तू बघतेस तेव्हा ती तुझ्यासारखं करत असेल. मी स्वयंपाकघरात आले की तूही कशी नीटनेटकी व्हायचीस!"

ते खरं होतं. मी शेजारी बसले की मावशी आधी माझ्या हाताकडे बघायची, मग दबकत कुपी उचलायची. ती काय करते ते मला दिसतच नव्हतं. दिसत होती ती माझीच नक्कल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी खुर्ची सोडली आणि मावशीच्या टेबलाशी शिकाऊ होऊन बसले. "आज उलट करू. मी नवीन आले आहे. मला काही येत नाही. तुम्ही बाई. मला शिकवा."

"मी?" मावशी कावरीबावरी झाली.

"मग मी साहेब होऊ का?" रेडिओने विचारलं आणि खिशातून नसलेलं घड्याळ काढून दाबलं.

हशा झाला आणि त्या हशात मावशीही थोडी सैल झाली. तिने एक कुपी घेतली. हळू आवाजात सांगायला लागली, "ही अशी मानेला धरायची. दोन बोटांत. मग फळीसमोर न्यायची…" आणि मधेच, अगदी सहज, आपण केस मागे सारतो तितक्या सहज, तिने मनगटाला दोन-तीन जोरदार झटके दिले. मग कुपी फळीसमोर धरली. "आणि मग बघायचं."

"थांबा. हे मधे काय केलंत?"

"काय?"

"झटके दिलेत ना?"

मावशीने हाताकडे पाहिलं. तिला खरोखरच माहीत नव्हतं. मग तिला हसू आलं, पहिल्यांदाच. "औषध ना हे? हलवल्याशिवाय कसं चालेल, बाई?"

आणि मग ती बोलली. नवऱ्याला पांढरं दाट औषध असायचं, दिवसातून अनेकदा. सगळं तळाशी बसायचं. न हलवता दिलं की पोटात नुसतं पाणी जायचं आणि बाटली संपत आली की चुन्यासारखा गाळ उरायचा. एकदा घाईत हलवायचं राहिलं आणि त्या रात्री त्यांचं दुखणं काही केल्या थांबेना. तेव्हापासून हातात औषध आलं की हात आपोआप हलतो. "आता तर पाण्याचा पेला उचलला तरी हलवते मी," ती म्हणाली. "वहिनी ओरडते, टेबल ओलं होतं म्हणून."

खोलीत कुणी हसलं नाही. रेडिओसुद्धा.

मी उठले, कपाटातून शिकवण्यासाठी ठेवलेल्या दोन कुप्या आणल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पाणी आणि बारीकसा काचेचा कण. "मावशी, आता ही पाण्याची घ्या आणि मुद्दाम हलवा. तुमच्या पद्धतीने, चांगली जोरात. हां. आता धरा काळ्यावर. काय दिसतंय?"

"कण. चमकतायत."

"हात स्थिर ठेवा. कुठे चाललेत ते?"

"वर." ती पुढे वाकली. "वर जातायत… गेले."

"आता ही दुसरी. हिला हलवू नका. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक बोटांत फिरवता ना, तशी नुसती फिरवा."

तिने फिरवली. पाणी आतल्या आत गोल फिरलं, थांबलं, आणि काचेचा कण लखकन चमकून सावकाश खाली उतरला.

"हा खाली येतोय," मावशी म्हणाली. मग कुपी खाली ठेवली आणि दोन्ही हात गालांना लावले. "अगंबाई! म्हणजे इतके दिवस मी हवेला नापास करत होते?"

"मावशी, हवेने तुमचं काय घोडं मारलंय!" रेडिओ म्हणाली, आणि मग मात्र खोली हसून हसून दणाणली.

कारण सापडलं म्हणून सवय जात नाही. सांगितलं की सुटतं असं असतं तर जगात शिकवणाऱ्यांना कामच उरलं नसतं. मावशीचा हात दर चौथ्या-पाचव्या कुपीला झटका द्यायचाच. मी तिला ओरडले नाही. झटका बसला की तीच ‘हं’ म्हणायची, आणि पुढची कुपी बोटांत फिरवायची. तिला कामाच्या कुप्या मी दिल्याच नाहीत, नुसत्या पाण्याच्या दिल्या आणि म्हटलं, पाहिजे तेवढा वेळ घ्या. बाकीच्या पोरींनाही तोच धडा दिला, कारण थोडेफार बुडबुडे सगळ्याच करत होत्या. फक्त त्यांना ते दिसत नव्हते.

रेडिओचं दुखणं निराळं, तिला औषधही निराळं हवं होतं. ‘गप्प बस’ हे तिला जन्मभर सगळ्यांनी सांगून झालं होतं, पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, "बोल, पण कुपीबद्दल बोल. काय दिसतंय ते सांगत जा."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

मग ती सुरू झाली. "ही आली, ही फिरली, काळ्यावर काही नाही, पांढऱ्यावर… अय्या, तंतू! चल बाई डावीकडे." क्रिकेटची कॉमेंट्री झाली नुसती. पण नजर कुपीवर राहिली आणि दोन दिवसांत तिच्या हातून निसटणं जवळजवळ बंद झालं.

शनिवार उजाडला. साहेब ट्रे घेऊन आले. प्रत्येकीच्या ट्रेमध्ये खराब कुप्या मिसळलेल्या, आणि त्यांच्या बुडाला खूण, ती फक्त त्यांनाच ओळखू येईल अशी. त्यांनी स्टॉपवॉच काढून मधल्या टेबलावर ठेवलं. त्याची टिकटिक शांत खोलीत हातोड्यासारखी ऐकू यायला लागली.

"साहेब, वेळ तुम्ही घ्या," मी म्हटलं, "पण घड्याळ खिशात ठेवून. माझ्या बायका औषध बघायला शिकल्यात, घड्याळ नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण घड्याळ उचललं. मग ते मावशीच्या मागे जाऊन उभे राहिले. मी दारापाशी एक खुर्ची ठेवली. "आणि इथे बसता का जरा? तिचा उजेड अडतोय."

ते बसले. चेहऱ्यावरून वाटत होतं की नंतर माझी खैर नाही, पण बसले.

पोरी पटापट संपवत गेल्या. रेडिओ ओठांतल्या ओठांत बडबडत होती, आवाज बाहेर न येऊ देता. तिचा ट्रे संपला, शेजारचीचा संपला. मावशीचा अर्धाही झाला नव्हता. बोटांत फिरवायची, थांबायची, काळ्यावर बघायची, पांढऱ्यावर बघायची. आणि मग एका कुपीला झटका बसला. मी पाहिलं. तिनेही पाहिलं. आत सगळं चमचम झालं असणार. तिचा हात डावीकडे निघाला, नापासच्या ट्रेकडे, अर्ध्यात थांबला. तिने ती कुपी दोन्ही ट्रेंच्या मधे, टेबलावरच हळूच आडवी ठेवली आणि पुढची घेतली. शेवटी, बाकी सगळ्या बघून झाल्यावर, तिने ती पुन्हा उचलली, बोटांत फिरवली आणि उजवीकडे टाकली.

हे मी तिला शिकवलं नव्हतं. शंका आली तर बाजूला ठेवून नंतर बघता येतं, ही युक्ती तिची तिने काढली. पुढे प्रत्येक बॅचला मी ती शिकवली.

साहेबांनी सगळे ट्रे तपासले. रेडिओची एक खराब कुपी निसटली होती, तेवढी सूट असायची. बाकीच्या पोरी पास. मावशीने सगळ्या खराब कुप्या धरल्या होत्या, एक चांगली चुकून नापास केली होती. आणि वेळ? वेळ ठरलेल्याच्या दुप्पट.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी डोळे मिटून घेणारा माणूस नाही. तिने नीट पाहिलंय हे मला दिसतंय. पण या गतीने पॅकिंगच्या बायका हातावर हात ठेवून बसतील आणि ट्रक दारात उभा राहील. तिला पक्की कशी करू?"

"करू नका."

ते चमकले. मी तिची बाजू घेऊन भांडेन असं त्यांना वाटलं असावं.

"आज करू नका," मी म्हटलं. "पण काढूही नका. महिनाभर माझ्याकडेच राहू द्या. ऑर्डरचाच माल तपासेल, माझ्या नजरेखाली. नीट बघणाऱ्या बाईला वेग मी आणून देऊ शकते, तो हाताला सवयीने येतो. भराभर चुकीचं बघणारीला नजर आणून देणं जास्त अवघड. माझं अवघड काम करून झालंय, साहेब. सोपंच उरलंय."

"आणि महिन्याने?"

"महिन्याने परत परीक्षा घ्या."

"तेव्हा घड्याळ टेबलावर असेल."

"असू द्या. तिला दिसेल असं ठेवा."

मावशीला मी सरळ सांगितलं. गोड शब्दांत गुंडाळलं असतं तर तिला ते ओळखू आलं असतं. तिने ऐकून घेतलं, टोपी काढली, घडी घातली. "म्हणजे नापास नाही ना?"

"नाही. पण पक्कीही नाही. अजून."

"खोलीवाल्या आजी महिना थांबतील का पण?"

त्याची व्यवस्था रेडिओने केली. ती मावशीबरोबर आजींकडे गेली आणि त्यांचं इतकं डोकं खाल्लं की आजी म्हणाल्या, "ठेवते बाई महिनाभर खोली राखून, पण हिला घेऊन पुन्हा येऊ नका."

त्या महिन्यात पोरी आणि मावशी ऑर्डरच्या मालावर शेजारी शेजारीच बसायच्या, पण मावशीला भराभर कर असं मी एकदाही म्हटलं नाही. तिच्याच हाताकडे बघून जिथे वेळ वाया जात होता तेवढं काढत गेले. ती ट्रेमधून कुपी उचलायला खांदा पुढे न्यायची, म्हणून ट्रे जवळ घेतला. पांढऱ्याकडून काळ्याकडे जाताना मान वळवायची, म्हणून फळी सरळ केली. ती उंचीने कमी होती, तिची खुर्ची बदलून घेतली. आणि डोळे दमले की तिने मला सांगायचं, मग ती उठून खिडकीशी जाऊन लांबच्या टाकीकडे बघून येणार. पहिल्यांदा तिला लाज वाटली. मग इतर पोरीही उठायला लागल्या. साहेबांनी विचारलं, "या खिडकीत काय बघतात सगळ्या?" मी म्हटलं, "काही नाही, तेच तर बघायचं असतं."

महिनाअखेरीला साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. मावशीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे एकदाही नाही. पोरी आपापल्या टेबलांवर होत्या, पण कुणाचाच हात चालत नव्हता. माझाही नाही. ट्रे संपला तेव्हा साहेबांनी घड्याळ दाबलं, मग एकेक कुपी उलटी करून बूड बघितलं.  शेवटी घड्याळ खिशात टाकत म्हणाले, "वेळेत. आणि बरोबर." दारातून वळून म्हणाले, "बाई, ती तुमची घंटी आहे ना, ती कपाटातून काढून कुठे तरी देऊन टाका. उगीच जागा अडते."

पुढच्या रविवारी मी, रेडिओ आणि मावशी स्टेशनवर गेलो. नणंद मुलीला घेऊन आली होती. मुलगी गाडीतून उतरली आणि आईपासून थोडी लांबच उभी राहिली, इतक्या दिवसांत ओळख पुसट झाल्यासारखी. मावशीही जागची हलली नाही. घाई केली नाही तिने. बॅग घेतली, नणंदेची चौकशी केली, आणि चालायला लागली. गेटाशी पोचेपर्यंत मुलीने आपणहून तिचा हात धरला होता.

आता सगळ्यांचं काय झालं ते सांगते.

साहेब पुढे दुसऱ्या मोठ्या कारखान्यात गेले. जाताना त्यांनी मला विचारलं, तिकडे येऊन शिकवाल का. मी गेले नाही, आमच्या ह्यांची नोकरी इथली होती. नव्या वर्षाला त्यांचा निरोप यायचा, अनेक वर्षं. आता ते नाहीत.

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. मावशी पक्की झाल्याची बातमी मी सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि सल्ला कोणाचा?" हे त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. आमचे हे गेले त्याला आता सात वर्षं झाली. चष्मा मला अजून सापडत नाही, आणि चिडवणारं कुणी नाही.

त्या बॅचमधल्या बाकीच्या पोरी लग्नं करून, कामं बदलून पांगल्या. दोघी शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिल्या. आता तर ते काम यंत्रं करतात. कॅमेरा बघतो आणि हवेचा झोत खराब कुपी उडवतो. एकदा मला बघायला बोलावलं होतं. ते यंत्रसुद्धा बघायच्या आधी कुपीला फिरवतं आणि मग थांबवतं, हे बघून मला बरं वाटलं.

मावशी निवृत्तीपर्यंत तपासणीतच होती. तिला शिकवायला ये म्हटलं होतं मी, ती नको म्हणाली. "मला बघायला आवडतं, बाई. बोलायला तुम्ही आणि रेडिओ आहात." विभागात ती कधी सगळ्यात वेगवान नव्हती. पण अडचणीचा माल आला की पॅकिंगवाले विचारायचे, मावशी आहेत का आज? आजींची ती खोली तिने पुढे कायमची घेतली. गेल्या वर्षी ती वारली, त्याच खोलीत. तिची मुलगी जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्यात होती, आता तीही निवृत्त झाली आहे. आईसारखीच कमी बोलते. दर दोन-तीन महिन्यांनी येते, माझी औषधं नीट लावून ठेवते आणि जाते.

आणि रेडिओ. माझ्यानंतर शिकवण्याची खोली तिच्याकडे गेली. बावीस वर्षं तिने ती चालवली आणि तिच्या हाताखालच्या बायकाही कुप्या बघताना पुटपुटायच्या म्हणे. ती आता आजी झाली आहे. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. मी फोन कानापासून हातभर लांब धरते, तरी सगळं ऐकू येतं.